बिथरलेल्या मुलासाठी शाळेचा दिवस कसा बांधायचा

प्रश्न विचारणारे सर नाशिकच्या सिडकोतल्या एका माध्यमिक शाळेत यंदाच रुजू झाले आहेत. आठवीचे वर्गशिक्षक, पटावर 62 मुलं. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ठीक असलेला एक मुलगा सुट्टीनंतर पार बदलला. पहिल्या तासाला डोकं बाकावर टाकून झोपतो, वह्या आणत नाही, मधल्या सुट्टीत मारामारी करतो, गणिताच्या सरांना उलट बोलतो. दोनदा बाजूला घेऊन विचारलं तर "काही नाही सर" एवढंच. ते विचारतात की रोज सहा तास शिकवून, ऑनलाइन माहिती भरून, वह्या तपासून एका मुलासाठी वेळ आणायचा कुठून, आणि मिळालाच तर करायचं काय?

सर, मी आधी सातपूरच्या कामगार वस्तीत आणि नंतर दिंडोरी तालुक्यात शिकवलं. जवळजवळ सगळी नोकरी वर्गशिक्षिका म्हणूनच गेली. त्यावरून ठामपणे सांगते: त्याला बोलतं करायची घाई सोडा. आधी त्याचा शाळेतला दिवस असा करा की पुढे काय होणार हे त्याला आधीच ठाऊक असेल. घरी नेमकं काय बिनसलंय ते आपल्याला माहीत नाही, पण त्याचा कशावरच भरवसा उरलेला नाही, हे वागण्यातून दिसतंय. रोज त्याच वेळी, त्याच माणसाकडून, तीच छोटीशी गोष्ट होत राहिली की भरवसा हळूहळू परत येतो. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. दिवसभरात मिळून दहा-बारा मिनिटं पुरतात, फक्त ती ठरलेली हवीत.

सुरुवात शाळा भरतानाच करा. परिपाठाच्या आधी वर्गाच्या दारात उभे राहा आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाला नावानं हाक मारा. त्यालाही मारा, सगळ्यांसारखीच. हाक मारताना बघून घ्या: डोळे लाल आहेत का, युनिफॉर्म कालचाच आहे का, दप्तर आहे का, एकटा आला की कुणासोबत. "आज तरी नीट वाग हं" हे वाक्य मात्र तोंडातून जाऊ देऊ नका, चांगल्या मनानं म्हटलं तरी. दिवस सुरू व्हायच्या आधीच त्याला कालच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं होतं.

मग त्याच्याकडे एक काम सोपवा. ऑफिसातून मस्टर (हजेरीपट) आणणं, फळ्यावर तारीख-वार लिहिणं, पाण्याच्या टाकीचा नळ बंद आहे का ते पाहणं. काम लहान असावं पण खरं असावं, म्हणजे त्यानं केलं नाही तर कुणाचं तरी अडेल असं. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा: हे काम चांगल्या वागण्याचं बक्षीस नाही. काल मारामारी केली म्हणून आज मस्टर दुसऱ्याला दिलं, की सगळं मुसळ केरात. मारामारीचं जे व्हायचं ते वेगळं होऊ दे, मस्टर उद्याही त्यानंच आणायचं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांना शाळेत येण्यासाठी सुरुवातीला तेवढंच एक कारण होतं.

आता झोपेबद्दल. झोपलेल्या मुलाला वर्गासमोर उभं करून विचारू नका. जवळून जाताना बाकावर हलकेच टकटक करा, "तोंड धुऊन ये" म्हणा आणि शिकवत राहा. आपण झोपेला आळस म्हणतो, पण नाशिकमध्ये मुलाच्या झोपेमागे निरनिराळी कारणं असतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आई-वडील दोघं शिफ्टला जातात. एका खोलीत कुणी रात्री साडेअकराला येतं, कुणी पहाटे पाचला उठतं. पोराची सलग झोप होणार कधी? दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची खुडणी जोरात असते तेव्हा पेठ-सुरगाण्याहून आलेल्या कुटुंबांतली मुलं उजाडायच्या आधी बागेत जाऊन मग शाळेत येतात. कुणी रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर असतं. आणि कुणाला घरातल्या आवाजाच्या भीतीनं झोप लागत नाही. वर्गात झोप तीच दिसते, उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा.

कारण शोधायला एक साधी शंभर पानी वही ठेवा. शाळेच्या दप्तरात जमा होणारी नको, तुमची स्वतःची, आणि ती कपाटात कुलपात. रोज दोन ओळी: तारीख, कोणता तास, काय झालं, त्याच्या लगेच आधी काय झालं होतं. "उद्धटपणा केला" असं लिहू नका, तो तुमचा निकाल झाला. "पाचवा तास, गणित. फळ्यावर येऊन उदाहरण सोडव म्हटल्यावर पुस्तक फेकलं" असं लिहा. तीन-चार आठवड्यांत वही बोलायला लागते. सातपूरला माझ्याकडे एक मुलगा एक आठवडा शहाण्यासारखा वागायचा आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या हाताला लागायचा नाही. नोंदी सलग वाचल्यावर दिसलं की वडिलांची शिफ्ट बदलली की त्याचं वागणं बदलतं. वडील नाइटला असले की घर शांत असायचं. फर्स्ट शिफ्ट लागली की ते दुपारी घरी, संध्याकाळी दारू, रात्री आईला मारहाण. मुलानं हे सांगितलं ते पुष्कळ नंतर. पण त्याच्या अवघड आठवड्यात त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची आणि त्याच्या जवळ कधी राहायचं, हे मला तो न बोलताच कळलं होतं.

तुमच्या प्रश्नात गणिताचा तास वेगळा उठून दिसतो, म्हणून त्यावर थोडं थांबते. मूल एकाच विषयात किंवा एकाच प्रकारच्या कामाला भडकत असेल तर ते काम त्याला येतच नसण्याची शक्यता तपासा. आठवीतल्या मुलाला नापासाची भीती एक वेळ परवडते, पण चार मित्रांसमोर अडखळत वाचणं परवडत नाही. त्यापेक्षा पुस्तक फेकून वर्गाबाहेर काढलं जाणं त्याला सोपं वाटतं. एकट्याला बसवून पाचवीच्या पुस्तकातला एक उतारा वाचून घ्या, दोन हातच्याच्या वजाबाक्या द्या. फळ्यावरचं बघून नीट उतरवणारा पण ऐकून लिहिताना अक्षरं गाळणारा, जोडाक्षरांवर थांबणारा, तोंडी उत्तरं चटकन देणारा मुलगा असेल तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी असूनही वाचणं-लिहिणं किंवा गणित अवघड जाण्याची, तपासणी करून घ्यायला हवी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, आणि रीतसर प्रमाणपत्र असेल तर दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसह सवलती मिळतात. ही धावपळ आठवीत सुरू केली तर दहावीला वेळेत उपयोगी पडते. तशीच नजर आणि कानही तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा या मुलाचं नाव आधीच काढून ठेवा, नाहीतर नेमका त्याच दिवशी तो गैरहजर असतो. अर्थात तुमचा मुलगा दिवाळीनंतर अचानक बदललाय, त्यामुळे मूळ कारण घरचं असावं असंच मला वाटतं. पण दोन्ही एकत्रही असू शकतं. आधीचा कच्चेपणा तो कसाबसा झाकत होता आणि आता झाकायची ताकद राहिली नाही, असंही होतं.

मधल्या सुट्टीत पहिली पाच मिनिटं स्टाफरूममध्ये जाऊ नका. आठवीपर्यंत पोषण आहार असतो, त्यामुळे तो कसा जेवतो हे सहज दिसतं. अधाशासारखा जेवतो, धाकट्या बहिणीसाठी डब्यात भरून ठेवतो, की ताटच घेत नाही? मारामारी झाली तर तिथल्या तिथे न्यायनिवाडा करू नका. दोघांना लांब करा, पाणी द्या, एकाला ऑफिसजवळ आणि एकाला वर्गात बसवा, आणि निदान वीस मिनिटं जाऊ द्या. संतापलेल्या मुलाला "का मारलंस?" विचारलं तर तो काहीतरी उत्तर रचतो आणि मग त्या उत्तराला चिकटून बसतो. शांत झाल्यावर एकेकट्याला विचारा, "आधी काय झालं? मग तू काय केलंस? त्याला कुठे लागलं?" शिक्षा म्हणून नुकसान भरून द्यायला लावा: फाटलेली वही चिकटवणं, सांडलेलं पुसणं. अंगठे धरून उभं करणं, कान पिळणं, वर्गासमोर आई-बापाचा उद्धार करणं, यांतलं काहीच चालत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला, दोन्हींना बंदी आहे. आणि कायदा नसता तरी, घरी मार बघणाऱ्या मुलाला शाळेतही मारच दिसला तर त्यानं जायचं कुठे?

तुमच्या ऑफ तासातली आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं त्याची. वार ठरवा, त्याला सांगा आणि पाळा. प्रशिक्षणाला किंवा इतर कामाला जावं लागलं तर आदल्या दिवशी सांगा, "उद्या मी नाही, गुरुवारी भेटू." हे सांगणं फार मोठं काम करतं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसू नका, ते साहेबासमोर उभं केल्यासारखं होतं. शेजारी बसून वह्यांचे गठ्ठे लावा, ग्रंथालयाच्या पुस्तकांवर नंबर टाकून घ्या. हात कामात असले की मुलं बोलतात. दार उघडं असावं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघं दिसावेत. ते त्याच्याही भल्याचं आहे आणि तुमच्याही.

बोलायचं काय? पहिले काही दिवस काहीच विचारू नका. क्रिकेट, गंगाघाटावरचा बाजार, सिटीलिंकची चुकलेली बस, काहीही चालेल. मग एखाद्या दिवशी जे दिसलं तेवढंच सांगा: "बाळा, दिवाळीनंतर तू दमलेला दिसतोस. मला काळजी वाटते. सांगावंसं वाटलं तर मी ऐकीन, नाही वाटलं तरी गुरुवारी भेटूच." आणि गप्प बसा. ही शांतता आपल्यालाच सहन होत नाही, आपण लगेच उपदेशाकडे वळतो. "आई-वडील किती कष्ट करतात तुझ्यासाठी" हे तर बोलूच नका. त्याला ते आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि त्याच ओझ्याखाली तो दबलेला असू शकतो.

त्यानं विचारलं, "सर, कुणाला सांगणार नाही ना?", तर "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. हे सगळ्यांत महत्त्वाचं आहे. "स्टाफरूममध्ये तुझा विषय निघणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला, अंगाला धोका असेल तर मदत करू शकणाऱ्या माणसाला मला सांगावं लागेल, आणि ते मी तुला आधी सांगून करीन." असं म्हटलं तरी मुलं बोलतात. उलट सर खोटं बोलत नाहीत हे त्यांना कळतं.

लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, नुसता संशय आला तरी, तिथे आपला विवेक चालवायचा नसतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, पण त्यांनी "बघू" म्हटलं म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नका, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला शाळेत बोलावून खातरजमा करण्याच्या भानगडीत पडू नका. घरातली मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं, लग्न ठरवणं यासाठी 1098 ही चाइल्डलाइन आहे आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती आहे. तुमच्या प्रश्नात मुलगा आहे, पण नववीतली मुलगी अशीच अचानक गप्प होऊन यायची थांबली तर लग्नाचा विचार आधी करा. खेड्यात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला गाठा.

"मला जगायचंच नाही" असं काही तो बोलला, वहीत लिहिलं, हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या, तर सरळ विचारा: "मरून जावं असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं बहुतेक मुलांना हायसंच वाटतं. हो म्हणाला तर त्या दिवशी त्याला एकटं सोडायचं नाही, घरी एकटं पाठवायचं नाही. पालकांना बोलावून त्याला त्यांच्या हाती सोपवायचं आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन जायला सांगायचं, शक्य असेल तर सोबत जायचं. 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि मराठीत बोलता येतं. शिक्षकानंही तिथे सल्ला विचारावा.

घरी पहिला फोन तक्रारीचा नको. "ताई, वर्गशिक्षक बोलतोय. घाबरू नका, तक्रार नाही. रोज सकाळी मस्टर तोच आणतो, न चुकता." एवढंच सांगून ठेवून द्या. शाळेचा फोन आला म्हणजे पोरानं काहीतरी केलं, या सवयीनं आईच्या पोटात गोळा येतो. तो आधी जाऊ दे. दुसऱ्या फोनला विचारा, "घरी झोपतो का नीट? दिवाळीत काही झालं का?" सिडकोत खानदेशातून आलेली घरं खूप आहेत. आई फोनवर प्रमाण मराठीत अवघडते, पण "मना पोऱ्या" म्हणत अहिराणीत सुरू झाली की सगळं सांगते. तुमच्या शाळेत अहिराणी बोलणारं कुणी असेल, मग त्या शिपाई मावशी का असेनात, त्यांना सोबत घ्या. फक्त आईची हरकत नाही ना ते विचारून, आणि ऐकलेलं बाहेर जाणार नाही अशी खात्री असेल तरच.

वडील बहुतेक वेळा एकच सांगतील: "सर, तुम्ही मारा त्याला, आमचं काही म्हणणं नाही." त्यावर वाद घालू नका. "मारणार नाही, पण सोडणारही नाही" म्हणा आणि त्यांना एक नेमकं काम द्या: रात्री दहाला मोबाइल बाजूला, किंवा रविवारी अर्धा तास पोरासोबत बाहेर. भेटायला बोलवायचं तर शिफ्ट विचारून वेळ द्या. कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. पालक येत नाहीत याचा अर्थ त्यांना पर्वा नाही असा लावू नका. मी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी जाऊन यायचे. दारात चपला काढून दहा मिनिटं बसलं की मुलाचा अभ्यास कुठे होतो, कुठे होऊच शकत नाही, ते डोळ्यांना दिसतं.

गणिताच्या सरांना त्याची कहाणी सांगू नका, ती त्याची आहे. त्यांच्याकडे एकच मागणं मागा: "पंधरा दिवस त्याला फळ्यावर बोलवू नका, वहीत सोडवलेलं जागेवर येऊन बघा." पाच मागण्या केल्या तर एकही होत नाही. कुणी म्हणेल, "लाडावून ठेवलाय तुम्ही." म्हणू दे.

आता एक इशारा, कारण बरेच शिक्षक याच वळणावर सोडून देतात. दोन-तीन आठवडे बरे गेले की तो एकदा जोरात बिघडेल. बहुधा तुमच्याशीच वाईट वागेल, तुमच्या तासाला, सगळ्यांसमोर. जो कशावर विसंबायला घाबरतो, तो विसंबायच्या आधी ते टिकतं का ते हलवून बघतो. त्या दिवशी नियमाप्रमाणे जे व्हायचं ते होऊ द्या, आवाज चढवू नका, आणि दुसऱ्या दिवशी दारात तशीच नावानं हाक मारा. मस्टर आणायला पाठवा. अडीच महिन्यांच्या गप्पांनी जे होत नाही ते या एका सकाळी होतं.

उरलेल्या 61 मुलांचं काय, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ते मनात असणार. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी 35 मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय आणि तुमच्यापुढे 62 बसलीत. तुम्हाला कमी पडल्यासारखं वाटणं स्वाभाविक आहे. पण दारातली हाक सगळ्यांना आहे, वर्गातली कामं सगळ्यांत वाटता येतात, आणि न अपमान करता मारामारी मिटवणारा शिक्षक सगळा वर्ग बघत असतो. त्यांच्यातही तीन-चार मुलं गप्प राहून सोसत असतात, ती यातूनच तुमच्याजवळ येतील. तुमच्यासाठी एवढंच सांगेन: रात्री व्हॉट्सअॅपवर मुलाशी बोलू नका, त्याला पैसे देऊ नका, फी, चष्मा, दप्तर लागलं तर मुख्याध्यापकांमार्फत करा. आणि जे ऐकाल ते एकट्यानं पोटात ठेवू नका. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे, त्यात समुपदेशक असतात. नाव न घेता एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी बोला.

एप्रिलमध्ये निकालाच्या गडबडीत एक काम राहून जातं, ते आत्ताच लिहून ठेवा. नववीच्या वर्गशिक्षकांसोबत अर्धा तास बसा. घरची गोष्ट सांगायची नाही. काय केल्यानं बरं जातं आणि काय केल्यानं भडकतो एवढंच सांगायचं. मस्टरचं काम नववीतही त्याच्याकडे राहील का ते विचारा. आणि नववीत पोषण आहार बंद होतो, तेव्हा जूनमध्ये तो दुपारी काय खातो याकडे पहिल्याच आठवड्यात लक्ष ठेवायला सांगा.